कोड पुसला की पुन्हा येतो: जुन्या डिझेल पिकअपचं मिसिंग मुळापासून कसं शोधायचं

चेक इंजिनचा दिवा लागला, गाडी झटके मारायला लागली, तालुक्याला नेऊन स्कॅनर लावला आणि गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून घेतला. चार दिवस गाडी गुमान चालली. पाचव्या दिवशी कापूस भरून जिनिंगकडे निघाली की चढावर पुन्हा तेच झटके, पुन्हा तोच कोड. मग एक इंजेक्टर बदलला जातो, नंतर एखादा सेन्सर, नंतर दुसरा इंजेक्टर. खर्च वाढत जातो आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट न पेटणं, म्हणजे मिसफायर) जिथल्या तिथं. कोड वाचला गेला, पण बिघाड कोणी शोधलाच नाही.

पुढची पद्धत साधारण २०१० ते २०२० या काळातल्या कॉमन रेल (‘रेल’ नावाच्या एका जाड नळीत दाबाखाली डिझेल ठेवून सगळ्या इंजेक्टरांना देणाऱ्या) डिझेल पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, दोस्त आणि त्यांच्या जातीच्या गाड्या. सिलिंडर तीन असोत की चार, क्रम तोच राहतो. त्याआधीच्या शुद्ध मेकॅनिकल पंपाच्या गाडीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नसतो, त्यामुळे कोडही नसतो. तिथं फक्त डिझेल, हवा आणि कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा) भाग उपयोगी पडेल.

मिसफायरचा कोड नेमका कशावरून लागतो

ईसीयूला सिलिंडरच्या आतलं जळणं दिसत नाही. त्याला दिसतो फक्त क्रँकचा (पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा) वेग. फ्लायव्हीलजवळच्या चाकावर बहुतेक गाड्यांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले २ दात मुद्दाम गाळलेले असतात. क्रँक सेन्सर ते दात मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल नीट पेटलं की क्रँकला धक्का बसून वेग किंचित वाढतो. धक्का बसला नाही की वेग पडतो, आणि ईसीयू त्या सिलिंडरच्या नावावर एक मिसफायर मांडतो. ८०० आरपीएमच्या (मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या) आयडलला, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, एकेका सिलिंडरची पाळी मिनिटाला ४०० वेळा येते, त्यामुळे हिशेब पटकन जमतो.

यातून एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यायची. पी०३०२ म्हणजे ‘दुसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गेला’ असं नव्हे. ‘दुसऱ्या सिलिंडरच्या पाळीला धक्का बसला नाही’ एवढंच त्याचं म्हणणं. इंजेक्टर बंद असेल, त्याची वायर तुटली असेल, डिझेलमध्ये हवा असेल, वॉल्व्ह बसत नसेल, रिंग घासल्या असतील, सगळ्यांचा कोड एकच. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले किंवा क्लचप्लेटच्या स्प्रिंगा तुटलेल्या असल्या तरी क्रँकचा वेग हलतो. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर चाकं आदळत असतात तेव्हाही हलतो. म्हणून पी०३०० (कुठल्याही एका सिलिंडरचं नाव न घेणारा मिसफायर कोड) फक्त खराब रस्त्यावर लागत असेल आणि उभ्या गाडीचं आयडल एकसारखं असेल, तर इंजिन उघडायची घाई नको.

आधी फोटो, मग पुसणं

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघायची. कोड ज्या क्षणी नोंदला गेला त्या क्षणाची आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, गाडीचा वेग आणि बऱ्याच गाड्यांत बॅटरी व्होल्टेज व रेल प्रेशर त्यात साठवलेलं असतं. पुसलं की हेही जातं. बॅटरीचं टर्मिनल काढून कोड घालवायची सवय त्याहून वाईट, कारण काही गाड्यांत ईसीयूने शिकून ठेवलेले आकडेही त्याबरोबर जातात. स्कॅनरवाल्याला सांगून स्क्रीनचा फोटो मोबाईलवर काढून घ्या. तेवढ्या एका फोटोत निम्मा तपास होतो.

समजा फ्रेममध्ये १,८०० आरपीएम, लोड ९० टक्के, कूलंट ८८ अंश, रेलची मागणी १,२०० बार आणि प्रत्यक्ष ८५० बार असं दिसलं. गाडी चढावर ओझं ओढत होती आणि डिझेल पुरत नव्हतं, हे उघड आहे. तिथं कॉम्प्रेशन मोजत बसू नका, टाकीपासून फिल्टरपर्यंत जा. याउलट ८०० आरपीएम, कूलंट २० अंश, लोड नाममात्र असेल तर गाडी थंडीत सुरू होताना मिस मारते. हीटर प्लग (थंड इंजिन पेटवायला सिलिंडर तापवणारे) आणि कॉम्प्रेशन बघायचं. व्होल्टेज १०.५ दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅटरी-डायनॅमो.

ब्लूटूथचा स्वस्त रीडर सामान्य कोड वाचायला पुरतो. मात्र पी१ ने सुरू होणारे कंपनीचे खास कोड आणि इंजेक्टर करेक्शनचे आकडे (ईसीयू कुठल्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त देतोय ते) त्यात बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी त्या गाडीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. स्कॅनर लावल्यावर पेटलाच नाही तर सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस आणि ४ व ५ नंबरवर अर्थ येतो का बघा. पुष्कळदा तिथला फ्यूजच उडालेला असतो.

एकापेक्षा जास्त कोड आले की वरून खाली वाचत सुटायचं नाही. पुढच्या क्रमाने घ्या:

पी०५६२: व्होल्टेज कमी.
पी०६४१, पी०६५१: सेन्सरांना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा बिघडला.
पी०३३५, पी०३४०: क्रँक आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरची सर्किट.
पी०१९०, पी००८७, पी००९३: रेल सेन्सरची सर्किट, रेल प्रेशर कमी, डिझेलची मोठी गळती.
पी०२०१ ते पी०२०४: त्या-त्या इंजेक्टरची विजेची सर्किट.
पी०२६३, पी०२६६, पी०२६९, पी०२७२: अनुक्रमे १, २, ३, ४ नंबरच्या सिलिंडरचा हातभार कमी-जास्त.
पी०३०० ते पी०३०४: मिसफायर.

मिसफायर सगळ्यात शेवटी, कारण वरच्यांपैकी काहीही बिघडलं की तो आपोआप येतो. पी००८७ आणि पी०३०३ एकत्र आले तर आधी पी००८७ सोडवायचा. अनेकदा दुसरा त्याच्याबरोबरच निघून जातो.

विजेचं काम: मीटर, अर्थ आणि उंदीर

इथं जास्त वेळ द्या. खर्च जवळपास नाही, आणि पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या कोडांचं मूळ फार वेळा इथंच सापडतं.

गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. गाडी सुरू असताना हेडलाइट लावून १३.८ ते १४.५ व्होल्ट. त्यानंतर अर्थची परीक्षा: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सोबतीला सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर उत्तम. ०.५ च्या वर गेला तर अर्थची पट्टी खराब. इंजिन किंवा गिअरबॉक्सवरून चेसिसला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी खालच्या बाजूला असते. पावसाळ्यात तिच्यावर काळी माती लिंपली जाते, ती ओल धरून ठेवते आणि पट्टी आतून हिरवी होऊन खुसखुशीत होते. वरून धड दिसते, हाताने वाकवली की तारा तुटून गळतात. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

सोयाबीनचे कट्टे किंवा सरकी ठेवलेल्या गोदामाशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर गृहीत धरा. इंजिन गरम असतं, उब मिळते, आणि वायरचं आवरण त्यांना चावायला सोपं पडतं. इंजेक्टरच्या वायरी, बॅटरीखालचा भाग आणि फायरवॉलजवळची वळणं टॉर्च घेऊन बघा. कुरतडलेल्या आवरणाचे बारीक तुकडे आणि लेंड्या दिसल्या की जागा सापडलीच. तुटलेली वायर नुसती पिळून टेप मारू नका. थरथरीने महिनाभरात तो जोड सैल होतो आणि कोड परत येतो. सोल्डरचा डाग द्या, त्यावर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा आणि हार्नेस ब्रॅकेटला घासणार नाही असा बांधा.

हलवून बघायची चाचणीही करा. आयडलला गाडी ठेवून हार्नेस वीतभर-वीतभर अंतरावर हळू हलवायचा. ज्या जागी आयडल अडखळलं तिथं टेप उघडायची. मात्र गाडी सुरू असताना इंजेक्टरच्या उघड्या वायरीला किंवा कनेक्टरला हात लावायचा नाही. इंजेक्टर उघडताना ईसीयू क्षणभर ६५ ते ८० व्होल्ट सोडतो, तो झटका साधा नसतो.

पी०६४१ सारखा कोड किंवा एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर सगळे सेन्सर एकाच दिवशी मेले असं कधी होत नाही. काही सेन्सर ५ व्होल्टच्या एकाच लाइनवर असतात आणि एकाच्या पोटात शॉर्ट झाला की सगळे आंधळे होतात. चावी ऑन ठेवून रेल सेन्सरच्या कनेक्टरवर ५ व्होल्टची वायर मोजा. समजा ०.८ व्होल्ट मिळाले. आता मीटर तिथंच लावून ठेवा आणि त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा: बूस्ट सेन्सर, कॅम सेन्सर, पेडल सेन्सर. ज्याचा कनेक्टर काढताच मीटर टुणकन ५ वर जातो, तोच गुन्हेगार. सगळे काढूनही आकडा वर आला नाही तर शॉर्ट वायरीत आहे.

डिझेल, हवा आणि पाणी

ओझं घेऊन चढताना गाडी दम सोडते, दिवा लागतो, पी००८७ येतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना हा दोष हमखास उघडा पडतो, सपाटीला रिकाम्या गाडीत तो लपून राहतो. पंप उतरवायच्या आधी ही कामं:

गाडी मिस मारत असतानाच बाजूला घ्या आणि टाकीचं झाकण उघडा. ‘फस्’ आवाज आला आणि गाडी सुधारली तर टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा घेणारं भोक) मातीने बुजला आहे. खर्च शून्य.

फिल्टरच्या तळाची ड्रेन चकती सैल करून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. शेतावर ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांनी हे दर आठवड्याला करावं. अर्धवट भरलेल्या ड्रममध्ये दिवसा-रात्रीच्या तापमानाच्या फरकाने आतून थेंब धरतात आणि तळाशी जमतात. पंपाची नळी तळाला टेकली की तेच गाडीत येतं. कॉमन रेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं. पाणी गेलं की आतला धातू ओरबाडला जातो, मग त्याचा बारीक चुरा रेलमधून चारही इंजेक्टरांत पोचतो. ड्रममधून काढताना नळी तळापासून चार बोटं वर ठेवा, आणि अशा गाडीचा डिझेल फिल्टर १०,००० किलोमीटरला बदला. पुस्तकात जास्त लिहिलं असलं तरीही.

हवा ओळखायला फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या रबरी नळीच्या जागी त्याच मापाची पारदर्शक डिझेल नळी फूटभर लावा. सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात दोन-चार बुडबुडे आले तर चालतं. धार अखंड फेसाळत राहिली तर ओढीच्या बाजूला कुठंतरी हवा शिरते. ही जागा डिझेल गळून दिसत नाही, कारण तिथं दाब नसतो, ओढ असते. बाहेरून सगळं कोरडं असतं. बघायच्या जागा: हँड प्रायमरची (हाताने दाबून डिझेल ओढायच्या पंपाची) घडी, फिल्टरच्या बैठकीची रबर रिंग, तडकलेल्या नळीचं टोक, टाकीवरचा जोड. क्लिपा आवळून भागलं नाही तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनच्या उंचीवर बांधा आणि फिल्टरची आत येणारी नळी थेट त्यात सोडा. गाडी सुधारली तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात. तसंच राहिलं तर फिल्टर किंवा पुढे.

या सगळ्यानंतरही दाब पडत असेल तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. गरम आयडलला बहुतेक गाड्यांत २५० ते ३५० बारच्या आसपास दाब असतो, आणि मागणी व प्रत्यक्ष आकडा एकमेकांना चिकटून चालतात. चावी ऑन, इंजिन बंद आणि दाब पूर्ण उतरलेला असताना रेल सेन्सरची सिग्नल वायर साधारण ०.५ व्होल्ट दाखवते. तिथंच १ व्होल्टच्या वर असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय, पंप बिचारा निर्दोष. सेन्सर खरा निघाला तरच पंपावरचा मीटरिंग वॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) आणि इंजेक्टरची रिटर्न गळती (न फवारता टाकीकडे परत जाणारं डिझेल) बघायची.

इंजेक्टर: जुनी सवय इथं जिवावर येते

मेकॅनिकल पंपाच्या काळात कुठला सिलिंडर मेला हे बघायला मिस्त्री गाडी सुरू ठेवून नोझलच्या पाइपचा नट ढिला करायचे. कॉमन रेलवर हे कधीही करू नका. आयडललाच तिथं शेकडो बार दाब असतो, ओझ्यावर हजाराच्या वर. केसाएवढी धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तासाभरात मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलंय’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची असेल तर पुठ्ठा फिरवा, हात नको. इंजिन बंद केल्यावरही पाइप उघडायच्या आधी पाच-दहा मिनिटं थांबा.

सिलिंडर कापून बघायचा सुरक्षित मार्ग असा: स्कॅनरमधून एकेक इंजेक्टर बंद करता येतो. ती सोय नसेल तर इंजिन बंद करा, एका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, इंजिन सुरू करा आणि ऐका. बंद करून जोडा, मग पुढचा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की आयडल आणखी लंगडतं. ज्याचा काढूनही काहीच फरक पडत नाही, तो आधीच मेलेला होता. या चाचणीत पी०२०१ ते पी०२०४ कोड नव्याने येतील, ते आपणच आणलेले असतात. म्हणूनच पहिला फोटो आधी काढायचा.

पी०२०२ आणि पी०३०२ हे दोन कोड दिसायला भाऊ-भाऊ, पण रस्ते वेगळे. पी०२०२ विजेचा आहे: वायर, कनेक्टर किंवा इंजेक्टरची कॉइल. सोलेनॉइड इंजेक्टरची कॉइल साधारण ०.२ ते ०.४ ओहम असते. साध्या मीटरच्या पिनांचाच रोध तेवढा भरतो, म्हणून आधी पिना एकमेकींना टेकवून आकडा बघा आणि तो वजा करा. त्याहून सोपं म्हणजे चारही इंजेक्टर मोजा आणि जो वेगळा तो पकडा. इंजेक्टरच्या विजेच्या पिनेपासून त्याच्या धातूच्या बॉडीपर्यंत मात्र कंटिन्युइटी (विजेची जोड) अजिबात मिळता कामा नये.

फक्त पी०३०२ असेल तर गरम इंजिनवर आयडलला करेक्शनचे आकडे बघा. अधिक चिन्ह म्हणजे सिलिंडर अशक्त आहे आणि ईसीयू त्याला जास्त डिझेल पाजतोय. उणे म्हणजे तो जास्त जोर करतोय, बहुधा इंजेक्टर गळतोय. बहुतेक गाड्यांत उणे-अधिक २ पर्यंत निर्धास्त राहा, ३ च्या पुढे लक्ष ठेवा, ४-५ ला पोचला तर तो सिलिंडर आजारी. आजार इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, ते अजून ठरलेलं नाही.

रिटर्न गळतीची चाचणी घरी होते. लागतात चार पारदर्शक नळ्या, चार सारख्या बाटल्या (औषधाच्या १०० मिलीच्या चालतात, आकडे छापलेल्या असल्या तर उत्तम) आणि मूळ रिटर्न नळीचं तोंड बुजवायला एक बूच. इंजिन बंद ठेवून प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावरची रिटर्नची क्लिप काढायची, तिथं आपली नळी बसवायची, बाटल्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब बांधायच्या. गरम इंजिन आयडलला तीन मिनिटं, मग २,००० आरपीएमला एक मिनिट. तिघांत २० मिली आणि एकात ५५ मिली आलं तर तो इंजेक्टर डिझेल परत फेकतोय आणि रेलचा दाब खातोय. चौघांतही सारखं पण भरपूर आलं तर चारही घासलेत. सेल्फने फिरते पण सुरूच होत नाही अशा गाडीला हीच मांडणी करून दहा सेकंद सेल्फ मारा. नुसते थेंब यावेत. एखादी नळी धार सोडत असेल तर सुरू न होण्याचं कारण सापडलं.

इंजेक्टर काढण्याआधी त्याच्या बुडाशी बघा. डांबरासारखा काळा थर आणि आयडलला ‘चक-चक’ आवाज म्हणजे तांब्याचा वॉशर गेला, इंजेक्टर कदाचित ठणठणीत असेल. वॉशर दर वेळी नवा, त्याच जाडीचा, आणि खालची बैठक घासून साफ. जुना वॉशर तापवून परत लावायची काटकसर करू नका. जाडी बदलली की नोझलचं टोक वर-खाली सरकतं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. इंजेक्टरवर सिलिंडर नंबर लिहून मगच पंप लॅबला द्या. लॅबकडून नुसतं ‘खराब आहे’ एवढं ऐकून घेऊ नका, टेस्टचा कागद मागा: फुल लोड, आयडल, पायलट (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न, चारही ठिकाणचं माप किती आणि असायला हवं किती. तीन पास झाले तर एकच बदला. नव्या इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड ज्या गाडीत ईसीयूला द्यावा लागतो तिथं तो स्कॅनरने भरायलाच हवा. न भरल्यामुळे नव्या इंजेक्टरवर मिस मारणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात, आणि दोष मात्र मालाला दिला जातो.

इंजेक्टर पास झाला तर

मग कॉम्प्रेशन. हीटर प्लगच्या भोकातून डिझेलचा गेज लावा, इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. चांगलं इंजिन २५ ते ३० बार देतं. २० च्या खाली गेलेला सिलिंडर थंडीत पेटणार नाही. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत ३-४ बारपेक्षा मोठा फरक असेल तर मिसिंगचं कारण मिळालं. पेट्रोल गाडीसारखं ऑइल ओतून रिंग की वॉल्व्ह ठरवायला जाऊ नका. डिझेलची जागा इतकी कमी असते की चार थेंबांनीही आकडा फुगतो. त्यापेक्षा इंजिन आयडलला ठेवून ऑइल भरायचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. ते नाचून उडालं तर रिंगांतून हवा खाली येते.

डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. सुरू केल्यावर दोन मिनिटं पांढरा धूर आणि लंगडेपणा, मग सगळं नीट, असं असेल तर आधी हीटर प्लग बघा. वरची पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका प्लगला लावा. ज्यावर लॅम्प लागत नाही तो प्लग जळालेला.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गाडी चालता-चालता एकदम बंद पडते, अर्ध्या तासाने काही न करता सुरू होते. पहिला संशय क्रँक सेन्सरवर. ओळख अशी: गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा झटकन शून्यावर पडला तर सिग्नल गेला, डिझेल संपत असेल तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळू उतरतो. बंद पडल्यावर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. २००-२५० दिसायला हवेत. शून्य दिसले तर सेन्सरवर ओला फडका पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा मारा. सुरू झाली तर सेन्सर बदला. बदलताना जुन्याच्या टोकाला लोखंडी बुरा चिकटलाय का तेही बघा, कधी नुसतं पुसून काम होतं.

एअर फिल्टर आणि ईजीआर (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी सोय) यांनी खरं मिसिंग क्वचितच होतं. गाडी काळा धूर सोडते आणि पिकअप घेत नाही, तिला लोक मिसिंग म्हणतात. जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर रुईच्या तंतूंनी गादीसारखा भरतो. हंगामात दर आठवड्याला उघडा, हवेचा झोत आतून बाहेर मारा.

पेट्रोल किंवा सीएनजीच्या छोट्या पिकअपचं काम सोपं आहे. पी०३०२ आला की दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन (ठिणगीची) कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल. जागचा हलला नाही तर स्पार्क प्लग, मग सीएनजीवर आणि पेट्रोलवर वेगवेगळं चालवून बघा. फक्त गॅसवर मिस मारत असेल तर गॅसचा फिल्टर आणि गॅस इंजेक्टर, दोन्हीवर मारत असेल तर टॅपेट आणि वॉल्व्ह. दिवा लुकलुकत असेल तर ओझं ओढू नका, न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटलिस्टमध्ये जळून ते वितळवतं.

दुरुस्ती झाल्यावरच कोड पुसा. प्रायमरने हवा काढा, दहा मिनिटं आयडल द्या, चारही करेक्शनचे आकडे लिहून घ्या. मग जिथं दोष दिसला होता त्याच चढावर, तेवढंच ओझं घेऊन गाडी न्या. रिकाम्या गाडीची फेरी मोजू नका. परत आल्यावर दिवा लागलेला नसला तरी पेंडिंग कोड वाचा. दोष पुन्हा दिसला की तो आधी तिथं नोंदला जातो, दिवा सहसा त्यानंतरच्या फेरीत लागतो. पेंडिंगमध्ये तोच पी०३०२ दिसला तर दिव्याची वाट न बघता नवी फ्रीझ फ्रेम मिळते का ते पाहा आणि दुसऱ्या सिलिंडरच्या वायरीपासून पुन्हा सुरुवात करा.